शंभरातल्या एक्केचाळीस

अक्कांच्या तेराव्याला सप्तापूरच्या त्या घराच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि सगळी एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होती. "तोंडानं तिखट होत्या हो, पण मन लोण्यासारखं." शेजारचे प्राध्यापक म्हणाले. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला. ज्या वकीलबाईंनी एकदा अक्कांना हाताला धरून आपल्या फाटकाबाहेर काढलं होतं, त्यासुद्धा पदरानं डोळे टिपत तेच म्हणाल्या. मी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. दुःखानं नव्हे, रागानं.

लोणी?

अक्कांचं मन लोण्यासारखं बिलकूल नव्हतं. ते काळ्या रानातल्या उन्हाळी ढेकळासारखं होतं, अनवाणी पाय पडला तर रक्त काढणारं. जिवंतपणी ज्यांनी त्यांचं एक अक्षर मनावर घेतलं नाही, त्यांनी मेल्यावर त्यांना मऊ करून टाकलं, म्हणजे ऐकायची जबाबदारी संपली. मी तिथं काही बोललो नाही. बोलायच्या वेळी गप्प बसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे पुढं कळेलच. म्हणून आता लिहितोय.

मी हुबळीचा. आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे, आजोबांनी मिरजेकडून येऊन थाटलेलं. दुकान बाबा आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, असे दोघं बघायचे. मला सरकारी नोकरीच्या परीक्षा द्यायच्या होत्या, आणि परीक्षा म्हटलं की आमच्याकडची सगळी पोरं धारवाडला सप्तापुरात खोली घेतात. तशी मीही घेतली. बरोबर आणखी दोघं होते, इरण्णा आणि बसू, दोघंही माझ्यासारखेच परीक्षेवाले.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा अक्का फाटकातच उभ्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, उंच, ओढलेल्या गालांच्या. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पुरुषी बूट, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. आमची नावं त्यांनी विचारली नाहीत.

"मूग किती खोल पेरतात?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. इरण्णा खेड्यातला, घरी शेती. तो म्हणाला, "चार बोटं?"

"चार बोटं! पेरतोस का पुरतोस रे त्याला? दोन बोटं. चार बोटं खाली घातलंस तर वर यायच्या आधीच दमून मरतं ते." मग माझ्याकडं वळून, "आणि तू? तुझ्या घरी काय करतात?"

"बियाण्याचं दुकान आहे."

"आणि मूग किती खोल पेरतात ते माहीत नाही." त्यांनी फाटक उघडलं. "या आत. कुणालाच येत नाही. खोली कुणाला तरी द्यायलाच पाहिजे."

घराच्या मागं मोठं परस होतं. त्यात वाफे काढलेले, भेंडी, वांगी, मुळा, कडेला तूर. दर रविवारी सकाळी एक तास प्रत्येक भाडेकरूनं तण काढायचं, ही अट. परीक्षा असो, ताप असो. तण मुळासकट निघालं नाही तर अक्का ते तुटलेलं तण उचलून आमच्या अभ्यासाच्या टेबलावर, उघड्या पुस्तकावर आणून ठेवायच्या. मातीसकट. आणि जायच्या.

सहा महिन्यांनी एका सकाळी त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हा तिघांकडं एकेक करून बघू लागल्या. मुळ्याच्या वाफ्याकडं बघायच्या तसं.

"तीन जण दाट होताय," त्या म्हणाल्या. "दिवा एक, खिडकी एक. तिघंही खुरटणार. एकानं जायचं. बसू, तू जा."

बसूला वाटलं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. विरळणी होती. दोन दिवसांत त्याला ट्रंक उचलून जावं लागलं, आणि त्याला दुसरी खोली मिळवून दिली वगैरे गोड गोष्ट इथं मुळीच नाही. तो तीन आठवडे एका नातेवाइकाच्या व्हरांड्यात झोपला. आज तो चांगल्या नोकरीत आहे आणि अजून अक्कांना शिव्या देतो. बरोबर देतो. मी तेव्हा त्यांना म्हणालो, "अक्का, माणूस म्हणजे मुळा नव्हे." त्या म्हणाल्या, "होय. मुळा एवढं रडत नाही."

अशी बाई. हिला लोणी म्हणायचं.

तीस वर्षं त्या एका शेतकी शाळेत शिकवत होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा वरच्या साहेबांनी त्यांच्याकडं लोणची, मुरांबे आणि परसबाग दिली होती. बाई आहे, बाईचं काम देऊ या. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी लोणच्याचा वर्ग उठवला आणि सगळ्यांना घेऊन थेट रानात गेल्या. नांगरटीचा वर्ग पुरुष मास्तर घेत होते. अक्कांनी त्यांच्या देखत बैल हाकून नांगराचा एक तास काढून दाखवला, सरळ दोरीसारखा. त्याबद्दल त्यांची बदली झाली. मग परत बदली झाली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, लसूण सोलता सोलता, आणि सांगताना लसणाची पाकळी चिरडली गेली इतका राग अजून त्यांच्या बोटांत होता.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे एक शब्द होता. नडीतद. आमच्या भागात कन्नड येणारा-न येणारा प्रत्येकजण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. नडीतद, म्हणजे चालतंय, निभतंय, एवढं काय त्यात. नळ गळतोय, नडीतद. बस उशिरा येते, नडीतद. अक्कांच्या घरात हा शब्द उच्चारायला बंदी होती. "काय नडीतद?" त्या ओरडायच्या. "कुणाचं नडीतद? शेती म्हणजे काय देवाची करणी आहे काय रे? सहा साध्या गोष्टी आहेत. उतार बघून आडवं पेर. बी तपासून घे. वाफसा आल्याशिवाय रानात पाय घालू नको. दाट झालं तर उपट. तण महिन्याच्या आत काढ. दरवर्षी तेच पीक त्याच रानात घेऊ नको. सहा! त्यातलं एक जरी म्हटलं तरी पुढचा म्हणतो, नडीतदरी अक्का. आणि मग पीक गेलं की आभाळाकडं बघतात."

वाफसा म्हणजे माती ओलीही नाही आणि कोरडीही नाही, मुठीत धरली की गोळा व्हावी आणि सोडली की फुटावी, तो मधला दिवस. अक्का तो दिवस ओळखण्यासाठी रस्त्यात कुठंही वाकून माती उचलायच्या. बँकेच्या आवारात, देवळाच्या मागं, एकदा लग्नाच्या मांडवात. मुठीत दाबायच्या, सोडायच्या, आणि तोंड वाकडं करून पुढं जायच्या.

नवलगुंद रस्त्याला त्यांची तीन एकर काळी जमीन होती. एकदा मी त्यांना स्कूटरवरून तिथं घेऊन गेलो, तर शेजारच्या रानात ट्रॅक्टर उतारावर सरळ वरून खाली पेरत चालला होता. अक्का स्कूटर थांबायच्या आधीच उतरल्या.

"आडवं पेर रे! उताराला आडवं! पाऊस आला की तुझ्या प्रत्येक ओळीचा ओढा होईल!"

ट्रॅक्टरवाला हसला. "आडवं घेतलं की वळणं जास्त पडतात, अक्का. डिझेल जातं. नडीतद."

मग अक्कांनी छत्री उघडली आणि त्या ट्रॅक्टरच्या समोर रानात बसल्या. शांतपणे, मांडी घालून, भर उन्हात. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, हात जोडले, रानाच्या मालकाला फोन लावला. मालक मोटारसायकलवरून आला आणि इतकं घाण बोलला की मी मध्ये पडायला पुढं झालो. अक्कांनी मला हातानंच मागं सारलं. "तुला काही येत नाही," त्या म्हणाल्या. "गप बस." दोन तास. शेवटी उरलेलं अर्धं रान आडवं पेरलं गेलं, केवळ ती बाई उठावी म्हणून. परत येताना मी विचारलं, "दुसऱ्याचं रान होतं, अक्का. तुमचं काय जात होतं?"   घरी पोचल्यावर स्कूटरवरून उतरून त्या म्हणाल्या, "माती दुसऱ्याची कशी असते रे?"

मी त्यांना देवही करत नाही. त्यांच्याकडून चुका व्हायच्या आणि त्या एकही कबूल करत नसत. वकीलबाईंनी कुठून तरी लांबून आणलेलं औषधी रोप अक्कांनी तण समजून त्यांच्या कुंपणातून उपटून काढलं. वकीलबाईंनी हात धरून बाहेर काढलं ते तेव्हा. "तण दिसत होतं," एवढंच अक्का म्हणाल्या. माफी नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी अक्कांच्या रानात सोयाबीनची पाळी होती. मेच्या शेवटी त्या मला म्हणाल्या, "तुमच्या दुकानातनं एक पिशवी आण. विकत. फुकट आणलीस तर परत पाठवीन." मी हुबळीला गेलो, पिशवी घेतली, बसमधून आणली आणि दमलो होतो म्हणून फाटकातून आत येताच धाडकन पायरीवर टाकली.

अक्का स्वयंपाकघरातून पळत आल्या. "आपटलीस? सोयाबीन आपटलंस? अरे, आत जीव आहे त्याच्या! पातळ साल असते, आत कोंब असतो, आपटलं की मोडतो!" मग पिशवीवर हात ठेवला, जसा कुणाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि भुवया आकसल्या. "हे कुठं ठेवलं होतं दुकानात?"

"मागच्या शेडमध्ये."

"पत्र्याच्या?"

पत्र्याच्याच. पूर्ण उन्हाळाभर. हमाल लॉरीवरून पिशव्या खाली भिरकावतात तेही मी लहानपणापासून बघत आलो होतो.

अक्कांनी पिशवीतून मूठभर बी काढलं आणि माझ्याकडून शंभर मोजून घेतलं. फुटकं-चांगलं निवडायचं नाही, हाताला येईल ते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडलं, गुंडाळी केली, सावलीत ठेवली. दोन वेळा पाणी शिंपडायचं काम माझं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी गुंडाळी उलगडली. वास आला. आंबूस, कुजका.

"मोज," त्या म्हणाल्या.

मी मोजलं. एक्केचाळीस कोंब. बाकीच्या बिया फुगून बुळबुळीत झाल्या होत्या.

"परत मोज."

परत एक्केचाळीस. अक्कांनी गोणपाट परत गुंडाळलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या बापाला सांग जा. पेरणीला अजून वेळ आहे. हे विकू नका म्हणावं. शंभरात सत्तर तरी पाहिजेत."

मी त्याच दुपारी घरी गेलो. बाबा जेवत होते, अण्णा मोबाइलवर बोलत होता. मी सांगितलं. बाबांनी घास थांबवला. अण्णानं फोन खाली ठेवला.

"पिशवीला टॅग आहे ना?" अण्णा म्हणाला. "शिक्का आहे, शिलाई आहे. कंपनीनं तपासून पाठवलंय. आम्ही काय प्रयोगशाळा उघडून बसलोय?"

"पण शेडमध्ये तापलं असेल, अण्णा. आपल्याकडं."

"कोण म्हणतं? ती म्हातारी? सगळी हुबळी-धारवाड पत्र्याखाली माल ठेवते." त्यानं बाबांकडं बघितलं. "चार दिवसांवर सीझन आलाय. आता माल परत पाठवला तर दुकानात विकायचं काय?"

बाबा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, ते म्हणतील, एकदा आपण तपासून बघू. ते म्हणाले, "होगली बिडु." जाऊ दे. आणि आमटी वाढून घेतली.

मी परत सप्तापूरला आलो. अक्कांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "हो." पुढं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार.

पाच-सहा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, मी दुकानात मदतीला होतो. गिऱ्हाइकांची गर्दी होती, खेड्यांतून आलेली माणसं पिशव्या घेत होती. आणि अक्का आल्या. डोक्याला तोच टॉवेल, पायात तेच बूट, काखेत ओल्या गोणपाटाची गुंडाळी. दुसरी. त्यांनी परत शंभर बिया मांडल्या होत्या. सरळ काउंटरपाशी येऊन त्यांनी गुंडाळी उलगडली. कुजकट वास सगळ्या दुकानात पसरला.

"बघा!" त्या कन्नडमध्ये ओरडल्या. "हे ह्याच पिशवीतलं बी! अर्ध्याहून जास्त मेलंय! मेलेलं बी पेरणार काय तुम्ही? हात लावून बघा!"

माणसं पुढं सरकली. कुणी वाकून बघितलं. कुणी हसलं. बाबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "कोण ह्या? तुझ्या ओळखीच्या?"

सगळे माझ्याकडं बघत होते. अक्कासुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती, त्यांना विनंती करता यायची नाही. त्या फक्त वाट बघत होत्या. शंभर बिया मी मोजल्या होत्या. दोनदा. एक आकडा उच्चारायचा होता.

मी म्हणालो, "घरमालकीण आहे. डोकं जरा फिरलेलं आहे त्यांचं."

एवढंच पुरलं. कुणीतरी मोठ्यानं हसलं. अण्णा काउंटरच्या बाहेर आला, गोणपाट गोळा करून रस्त्यावर फेकलं आणि अक्कांच्या दंडाला धरून त्यांना दाराकडं ढकललं. "चला बाई, धंद्याची वेळ आहे." दुकानाला तीन पायऱ्या आहेत. अक्का दुसऱ्या पायरीवरून पडल्या. हात टेकायला गेल्या आणि मनगट मोडलं. आवाज मी ऐकला.

त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते एका गिऱ्हाइकानं, कल्लव्वा नावाच्या एका शेतकरी बाईनं. मी नाही. मी काउंटरमागं उभा होतो. त्या दिवशी शेडमधल्या सगळ्या पिशव्या गेल्या. कल्लव्वाच्या दोन पिशव्या तिच्या दिरानं उचलून नेल्या.

संध्याकाळी मी सप्तापूरला गेलो तो सामान बांधायच्या तयारीनं. अक्का हाताला प्लास्टर घालून पडवीत बसल्या होत्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "वांग्याला पाणी घाल. माझा हात नाही."

तेव्हापासून पाणी मी, तण मी, स्वयंपाकघरातली भाकरी थापायला बाई लावली ती मी. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पाऊस झाला, वाफसा आला, पेरण्या झाल्या. आठ-दहा दिवसांनी फाटकाशी कल्लव्वा आणि दोन पुरुष उभे होते. त्यातला एक त्या दिवशी दुकानात हसणारा.

"उगवलं नाही, अक्का," कल्लव्वा म्हणाली.

अक्का मला म्हणाल्या, "चल."

मी रान बघितलं. ओळीत हातभर जागेत एक रोप, मग पाच-सहा हात काही नाही, मग दोन रोपं, पिवळट. अक्कांनी डाव्या हातानं बोट दाखवलं. "उकर." मी बोटांनी उकरलं. दोन बोटं खोल, बरोबर जागी, बी होतं. चिमटीत धरलं तसं पिचकलं. "पुढचं उकर." मी गुडघ्यावर बसून ओळीनं उकरत गेलो. कल्लव्वा कडेला उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आम्ही तुमच्या वडलांकडं बघून बी घेतो हो. टॅग कुणाला वाचता येतोय?"

परत पेरायचं म्हणून बी शोधेपर्यंत पाऊस असा लागला की पंधरा दिवस काळ्या रानात पाय ठेवता येईना. वेळ निघून गेली. बारा घरांची रानं तशीच राहिली. अक्का प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून घरोघर हिंडल्या. धीर द्यायला नव्हे. "रडत बसू नका! तण माजू देऊ नका, कुळव मारा, ओल धरून ठेवा, हिवाळ्यात हरभरा तरी येईल!" त्या हसणाऱ्या माणसाला त्या अख्ख्या गावासमोर इतकं बोलल्या की तो मान वर करू शकला नाही.

तक्रार झाली. शेतकी खात्याचे अधिकारी रानं बघून आमच्या दुकानात आले. बाबा, अण्णा, मी, तिघंही होतो. अधिकाऱ्यांनी कागद काढून विचारलं, "हे बी उगवणीला कमी आहे हे विकायच्या आधी तुम्हाला कळलं होतं काय?"

"नाही साहेब," बाबा म्हणाले.

"होतं," मी म्हणालो.

माझा आवाज चिरकला. पण निघाला. "शंभरातल्या एक्केचाळीस. मी स्वतः मोजलं होतं. घरी सांगितलं होतं."

अण्णानं माझ्याकडं असं बघितलं की त्या दिवसापासून आम्ही भाऊ असल्यासारखे एकदाही बोललो नाही. दुकानाचा परवाना त्या हंगामापुरता गेला. आई रडली. बाबा चार दिवस जेवणापुरते उठत होते. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "स्कूटर काढ." कुठं ते बोलले नाहीत. मी त्यांना त्या बाराही घरी नेलं. प्रत्येक दारात ते चपला काढून उभे राहिले. दोन घरांनी पाणी दिलं. एकानं दार लावून घेतलं. कल्लव्वानं त्यांना रानात नेलं. चाळीस वर्षं बी विकलेला माझा बाप त्या रिकाम्या ओळींमध्ये उभा होता आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

हे सगळं मी अक्कांना येऊन सांगितलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं, आता तरी त्या काहीतरी बरं बोलतील. मी घर मोडून घेतलं होतं. भाऊ गेला होता.

त्या परसात स्टुलावर बसल्या होत्या. प्लास्टर निघालं होतं, मनगट वाकडं राहिलं होतं. सगळं ऐकून म्हणाल्या, "आणि तुझा भाऊ? तो गेला काय कुणाच्या दारात?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?"

माझा तोल गेला. दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. बसूचं, पुस्तकावरच्या चिखलाचं, सगळं. "मी तुम्हाला वेडी म्हणालो, चुकलो! लाख वेळा चुकलो! पण मग बोललो ना सगळ्यांसमोर? स्वतःच्या बापाच्या विरुद्ध बोललो! तुम्हाला नक्की काय हवंय, अक्का? पाया पडू?"

"वेडी म्हणालास त्याचं मला काही नाही," अक्का म्हणाल्या. "आयुष्यभर म्हणतात लोक. पण तू शंभर बिया मोजल्यास, दोनदा, आणि आकडा गिळलास. तो तू बोललास कधी? श्रावणात. श्रावणात बोलून कुणाचं रान उगवतं रे?"

"मग काय करू आता? सांगा ना, काय हवंय तुम्हाला?"

"मला गेलेला जून हवाय," त्या म्हणाल्या. "त्या बारा घरांचा. आणून देतोस?"

त्या ओरडल्या नव्हत्या.  त्यांनी डाव्या हातात खुरपं घेतलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि भेंडीच्या वाफ्यात जाऊन बसल्या. वाकड्या मनगटानं त्यांना तण मुळासकट ओढता येत नव्हतं, तुटून हातात येत होतं, आणि प्रत्येक तुटलेल्या काडीगणिक त्या दात खाऊन काहीतरी पुटपुटत होत्या.  मी दुसरं खुरपं घेतलं आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.

त्यांनी सरकून जागा दिली नाही. मी पलीकडच्या ओळीपासून सुरुवात केली.